थोरल्याचा कॅमेरा, धाकट्याचा कॅमेरा

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले त्या हिवाळ्यात आमच्या घराण्यात दोन डिजिटल कॅमेरे आले. एक बाबांनी घेतला, एक काकांनी, आणि दोघांनी एकमेकांना अजिबात न सांगता. योगायोग वगैरे काही नव्हता. या दोन भावांचं आयुष्यभर असंच चाललं होतं. बाबांनी कूलर घेतला की काकांच्या घरीही कूलर यायचा, आणि त्याच्या मोटरचा आवाज कसा कमी आहे हे सांगायला काका कोहक्याहून स्कूटर घेऊन आमच्या सेक्टरमध्ये यायचे. बाबा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग आपल्या कूलरची हवा किती लांब जाते हे दाखवायला खोलीच्या दुसऱ्या टोकाला रुमाल धरून उभे राहायचे. दोघं भंडाऱ्याकडच्या शेतातून भिलाईला आले. एकाला प्लांटमध्ये काम मिळालं, दुसऱ्याला रसमड्याच्या एका कारखान्यात. दोघांची लग्नं झाली, मुलं झाली, पण धानाचे भारे कोण जास्त उचलतो ही लहानपणची शर्यत काही संपली नव्हती.

बाबांचा कॅमेरा चंदेरी, चपटा, शर्टाच्या खिशात मावणारा. त्याची स्वतःची बॅटरी होती आणि ती चार्ज करायला वेगळं चार्जर. काकांचा काळा, जाडजूड, हातात नीट पकडता यावा म्हणून एका बाजूनं फुगवलेला. त्याला भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसले दोन पेन्सिल सेल लागायचे. दोन्ही कॅमेरे दुकानातल्या खालच्या फळीवरचे. ज्यांना कॅमेरा हवा आहे पण घरी त्याबद्दल फार बोलणी खायची नाहीत, अशा माणसांसाठी बनवलेले.

बाबांनी डबा उघडला तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. तिनं कॅमेरा हातात घेतला नाही, नुसता पाहिला.

"याच्यात माहा फोटो निघंल का जी?"

"निघंल नं. कावून नाई निघनार?"

"मंग क्वार्टर सोडायच्या आधी माहा एक फोटो काढा. फाटकापाशी. लग्न होऊन आली तवापासून इथंच हावो, पन या घरातला माहा एक फोटो नाई."

मला ते खरं वाटलं नाही. मी त्या वेळी कॉलेजात होते आणि आईचं बहुतेक बोलणं मला अतिशयोक्ती वाटायचं. मी कपाटातून अल्बम काढले. आई होती, नाही असं नाही. मावशीच्या लग्नात होती, काकांच्या लग्नात होती, दुर्गच्या स्टुडिओत रंगवलेल्या तळ्यापुढे आम्हा भावंडांना घेऊन बसलेली होती. घरातले फोटो मात्र सगळे आमच्या वाढदिवसांचे, आणि त्यांत आई म्हणजे कडेनं आत आलेला एक हात, ताट धरलेला. मी अल्बम मिटून ठेवले. रिटायर झाल्यावर क्वार्टर परत करायचं असतं आणि आमचं रिसालीतलं घर जवळपास बांधून झालं होतं, तेव्हा आईला फार वेळ नव्हता.

"काढू नं," बाबा म्हणाले. "पन चांगला काढू."

या "चांगला" शब्दानं सगळा घोटाळा केला. नुसता "काढू" म्हणून त्यांनी तिथंच बटण दाबलं असतं तर मेथीच्या जुड्यांसकट आईचा फोटो निघाला असता आणि मला हे लिहायचं कारण उरलं नसतं.

पुढच्याच रविवारी काका काळा कॅमेरा गळ्यात घालून आले. बाबांच्या टेबलावर चंदेरी कॅमेरा पाहून त्यांचा चेहरा जरा पडला, पण लगेच सावरला. कोणाचे मेगापिक्सल किती, कोणाचा झूम किती, कोणाचा पडदा मोठा, हे सुरू झालं. काकांचे मेगापिक्सल जास्त होते. बाबांचा पडदा मोठा होता. दोघांनाही मेगापिक्सल म्हणजे नेमकं काय हे ठाऊक नव्हतं, तरी काका ते आकडे गावाकडच्या एकरांसारखे सांगत होते.

"माह्याले पेन्सिल सेल लागते दादा. मतलब सेल कुठंबी भेटते. पानठेल्यावर भेटते. तुमची बॅटरी बसली मंग काय करान?"

"बसूच देत नाई मी," बाबा म्हणाले.

शेवटी ठरलं ते असं. दोन्ही कॅमेऱ्यांची ट्रायल घ्यायची आणि जो पास होईल त्यानं आईचा फाटकापाशी फोटो काढायचा. आईनं विचारलं, दोघांनी एक एक काढला तर नाही का चालणार? दोघांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती उठून चहा ठेवायला गेली.

बाबांची अख्खी नोकरी प्लांटच्या रेल मिलमध्ये इन्स्पेक्शनवर गेली होती. रूळ तयार होऊन यायचे आणि बाबा ते पास करायचे किंवा रिजेक्ट करायचे. अशा माणसाच्या घरात राहणं सोपं नसतं. पोळी जराशी करपली तर बाबा ती खायचे, पण आधी उजेडाकडे धरून पाहायचे. माझ्या भावाचं प्रगतिपुस्तक ते याच पद्धतीनं बघत. त्यामुळे ट्रायल कशी घ्यायची यावर चर्चा झालीच नाही. एकच वस्तू, एकच जागा, एकच उजेड. दोन्ही कॅमेरे एकाच स्टुलावर ठेवायचे, स्टूल हलवायचं नाही, आणि फोटोत माणूस नको.

"माणूस कावून नको?" काकांनी विचारलं.

"माणूस हलते. हलनारी गोष्ट सॅम्पल नसते बाबू."

आणि पहिला फोटो थोरल्याचा. हे कोणी ठरवलं नाही, ते होतंच. आमच्याकडे दिवाळीचं पहिलं पाणी थोरल्याच्या अंगावर पडायचं, पहिलं ताट थोरल्याचं वाढलं जायचं, गावाहून आलेल्या तांदळाच्या पोत्याचं तोंडही थोरलाच उघडायचा. काकांनी आयुष्यात सगळ्या बाबतींत बाबांशी स्पर्धा केली, पण बाबांच्या आधी एक घास खाल्ला नाही. तेव्हा आधी चंदेरी, मग काळा.

वस्तू बाबांनी निवडल्या. दाराजवळचं कॅलेंडर, कारण त्यावर बारीक अक्षरं. स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी, कारण स्टील चमकतं आणि चमकीत कॅमेऱ्याची परीक्षा होते. अंगणातली तुळस, फाटकावर चढलेली मधुमालती, मागच्या अंगणात चादरीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या. आता या सगळ्या जागा आईच्या कामाच्या होत्या. कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहायचा होता, मांडणीवरून कढई घ्यायची होती, तुळशीला पाणी घालायचं होतं. बाबा स्टूल लावायचे आणि म्हणायचे, "सरक वो जराशी." आई सरकायची.

चंदेरी कॅमेरा एका बाबतीत खरोखर हुशार होता. बटण दाबलं की टिक, फोटो निघाला. काकांचा काळा कॅमेरा तसा नव्हता. त्याचं बटण दाबलं की तो आधी विचार करायचा. लाल दिवा लागायचा, भिंग जरा पुढे यायचं, जरा मागे जायचं, कुर्र असा आवाज व्हायचा, आणि आपण आता काही होत नाही असं धरून चाललो की मग फोटो निघायचा. आई बाजूला उभी राहून बाबांची टिक ऐकायची, झालं म्हणून परत कामाला यायची, आणि नेमक्या त्याच वेळी काळ्या कॅमेऱ्याचा विचार पूर्ण व्हायचा.

"वयनी, पुन्हा आल्या तुमी."

"मले वाटलं झालं."

"तो दादाचा झाला. माहा आता निघून राहिला होता."

"मंग तुमचा कवा निघते ते सांगत जा जी. तिकडे दूध उतू जाऊन राहिलं."

बाबा पडद्यावर वाकून बघायचे. कॅलेंडर अगदी स्पष्ट आलेलं असायचं आणि त्याच्यापुढे आईची पाठ. "रिजेक्ट," ते म्हणायचे, आणि त्या शब्दात इतकी गोडी असायची की तेवढी त्यांनी आमच्याशी बोलताना कधी वापरली नाही. काका फोटो पुसायला निघाले तर बाबा हात धरायचे. रिजेक्ट माल तिथल्या तिथे फेकायचा नसतो, निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवायचा असतो, हा प्लांटचा नियम होता आणि तो आता काकांच्या मेमरी कार्डालाही लागू झाला. मग आईला स्वयंपाकघरात थांबवून काकांचा फोटो पुन्हा काढला जायचा. असं कॅलेंडरला झालं, मांडणीला झालं, तुळशीला झालं. मिरच्यांना तर आई पदर खोचून वाकलेली असताना काळ्या कॅमेऱ्याला सुचलं.

"वयनी दादाच्या पार्टीतल्या हाये," काका म्हणाले. "माहा कॅमेरा फेल कराले बसल्या."

"तुमचा कॅमेरा झोपून राहते त मी काय करू भाऊजी? त्याले चहा पाजा."

एका रविवारी ट्रायल संपेल असं आईला वाटलं होतं. पण पुढच्या रविवारी ढगाळ हवेतली ट्रायल निघाली, त्याच्या पुढच्या रविवारी फ्लॅशची. दर वेळी आई एकदा विचारायची, माझा कधी? आणि बाबा म्हणायचे, निकाल लागू दे. मधल्या काळात सामान बांधायला सुरुवात झाली होती. खोक्यांच्या आड कॅलेंडर अर्धं झाकलं गेलं, तर बाबांनी ट्रायलसाठी खोकी हलवली. मला मजा वाटत होती आणि रागही येत होता. भाऊ मात्र खाटेवर पडल्या पडल्या हिंदीत कॉमेंट्री करायचा, कारण आमच्या पिढीला विनोद हिंदीतच सुचतात.

मग पास झालेल्या फोटोंचे प्रिंट काढून आणले. पोस्टकार्डाएवढे, जोडी जोडीनं. काकांनी कारखान्यातल्या कोणाचं तरी जाड भिंग मागून आणलं होतं. पलंगावर चादर ताणून, एकीकडे चंदेरीचे आणि एकीकडे काळ्याचे असे प्रिंट मांडले गेले. दोघं भाऊ गुडघ्यांवर बसून भिंगातून बघू लागले. बराच वेळ बघूनही सांगण्यासारखा फरक काही दिसेना. दोन्हीकडच्या मिरच्या लाल होत्या. दोन्हीकडच्या कॅलेंडरावरची चतुर्थी वाचता येत होती.

"जेवाले बसा," आई म्हणाली, आणि पलंग मोकळा करायला तिनं सगळे प्रिंट गोळा करून एक गठ्ठा केला.

जेवण होऊन हात धुऊन येईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. मग लक्षात आलं. आता कोणता फोटो कोणाचा, हे ओळखणारा भिलाईत कोणी नव्हता. बाबा म्हणाले, त्यात काय, चांगला तो माझा. काका म्हणाले, तेच तर मीही म्हणतो. मांडणीच्या एका फोटोवर दोघांनी एकदमच बोट ठेवलं. भांडी त्यात खरंच झकास आली होती. बाबांनी भिंग लावलं, आणि पाणी भरायच्या स्टीलच्या मोठ्या गुंडाच्या पोटात, पार वाकडा तिकडा, फोटो काढणाऱ्याचा चेहरा दिसला. त्याला मिशी होती. मिशी काकांना होती, बाबांना नव्हती.

"मी मागं उभा होतो," बाबा म्हणाले. "तू समोर आला माह्या." आणि त्यांनी भिंग खिशात घातलं.

अशा रीतीनं निकाल लागला नाही, आणि दोघांनी मिळून एक तोड काढली. शेवटची ट्रायल आईच्या फोटोवरच घ्यायची. क्वार्टरची चावी द्यायच्या दिवशी, सगळं सामान निघाल्यावर, फाटकापाशी. आधी चंदेरी, मग काळा. आई म्हणाली, त्या दिवशी धावपळ असते, आजच काढा. बाबा म्हणाले, सामान निघाल्यावर घर मोकळं दिसेल, फोटो साफ येईल. आईनं मान डोलावली. तिनं निळी काठाची साडी खोक्यात न भरता वेगळी ठेवली.

त्या दिवशी सकाळपासून मिनी ट्रकच्या फेऱ्या सुरू होत्या. दुपारी घर रिकामं झालं. आई मोरीत जाऊन तोंड धुऊन आली, साडी नेसली, केसांत मधुमालतीचा घोस माळला आणि फाटकापाशी उभी राहिली. चावी घ्यायला आलेला माणूस सायकलला टेकून वाट बघत होता. बाबांनी खिशातून चंदेरी कॅमेरा काढला. पडद्यावर लाल बॅटरी एकदा चमकली आणि पडदा काळा झाला.

"चार्जर?" काकांनी विचारलं.

चार्जर कुठल्या तरी खोक्यात होतं आणि खोकं रिसालीत होतं. मला वाटलं आता काका टाळ्या पिटतील. पण त्यांनी स्वतःचा कॅमेरा चालू केला आणि त्यांचाही चेहरा उतरला. त्यांचे सेल सकाळपासून सामानाचे फोटो काढण्यात संपले होते. ते धावत कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर गेले आणि सेल घेऊन आले. ते सेल घड्याळ चालवू शकत होते, कॅमेरा नाही. भिंग अर्धं बाहेर आलं, थांबलं आणि परत आत गेलं. काका पुन्हा धावले, दुसरे सेल आणले. भिंग पुन्हा अर्धं आलं. माझ्या मोबाईलमध्ये टॉर्च होता, कॅमेरा नव्हता. भाऊ ट्रकसोबत पुढे गेला होता.

आई उभीच होती. एकदा तिनं पदर सारखा केला. एकदा केसांतला घोस चाचपला. चावीवाल्या माणसानं घड्याळ बघितलं आणि मग बिचाऱ्यानं उगाच दुसरीकडे बघितलं. शेवटी आईच फाटकाबाहेर आली आणि म्हणाली, "चाला. त्यायले उशीर होऊन राहिला." बाबांनी चावी दिली. कुलूप लागलं. आई तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन रिक्षात बसली. मला बाबांचा फार राग आला होता.

नव्या घरात आई चिडलेली वगैरे नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, बाबांना तिची समजूत काढता आली असती. ती नेहमीसारखी बोलायची, नळाच्या पाण्याबद्दल, नव्या शेजारणीबद्दल. फक्त बाबांनी कॅमेरा काढला की तिला स्वयंपाकघरात काही तरी आठवायचं. बाबांनी तिचा नव्या ओट्यापाशी फोटो काढायचा प्रयत्न केला. "इथला नको," ती म्हणाली. मग दोन दिवसांनी संध्याकाळी बाबांनी काकांना फोन केला आणि दोघांनी ठरवलं की आईला घेऊन जुन्या क्वार्टरवर जायचं.

आधी बाबा एकटे जाऊन विचारून आले. तिथं आता एक तरुण जोडपं राहत होतं, ओडिशाकडचं. त्यांनी आनंदानं हो म्हटलं. रविवारी आईनं पुन्हा निळी साडी नेसली. मी सोबत होते. चंदेरी कॅमेरा सकाळपर्यंत चार्जरला लावलेला होता. काकांनी या वेळी चार्ज होणारे चांगले सेल घेतले होते आणि एक जोड खिशात वेगळी ठेवली होती. दोघं भाऊ गंभीर चेहऱ्यानं फाटकासमोर उभे राहिले.

फाटकाला हिरवा रंग दिला होता. मधुमालती छाटून बुंध्यापर्यंत आणली होती, वायरला लागत होती म्हणे. पायरीवर तांदळाच्या पिठाची बारीक नक्षी होती, आईला येत नाही तसली. आतल्या दोरावर त्या मुलीचे ड्रेस वाळत होते. आई जाऊन उभी राहिली. बाबांनी कॅमेरा डोळ्यासमोर धरला. आईनं मागे वळून एकदा दाराकडे पाहिलं, आणि मग ती नक्षीवर पाय पडू नये म्हणून जपून बाजूला झाली.

"राहू द्या जी. हे त्यायचं घर हाय. मी इथं पाव्हनी दिसन."

बाबांनी कॅमेरा खाली घेतला. त्या मुलीनं आग्रहानं सगळ्यांना चहा दिला आणि आईला हिंदीत विचारलं की मागच्या अंगणात मिरची कुठं वाळवायची, ऊन कुठं जास्त वेळ राहतं. आईनं तिला आत नेऊन दाखवलं. एवढाच वेळ ती जरा पहिल्यासारखी वाटली.

परत जाताना काकांनी आम्हाला जबरदस्तीनं कोहक्याला त्यांच्या घरी नेलं. काकूनं पोह्यांचा चिवडा पुढे ठेवला, पण खोलीत कोणी काही बोलेना. काकांना शांतता सहन होत नाही. त्यांनी काळा कॅमेरा पिवळ्या वायरनं टीव्हीला जोडला, मोठ्या पडद्यावर फोटो दाखवतो म्हणाले. सामानाच्या फोटोंत बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ट्रायलचे सुरू झाले. कॅलेंडर आलं. त्याच्यापुढे आईची पाठ.

"हा रिजेक्ट हाय, पुढचा लावतो," काका घाईनं म्हणाले.

"थांबा," आई म्हणाली.

फोटोत ती हात उंच करून कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहीत होती. चेहरा दिसत नव्हता. टाच वर उचललेली होती, कारण ते कॅलेंडर बाबांनी त्यांच्या उंचीनं लावलं होतं आणि ती इतकी वर्षं टाच उचलूनच लिहीत आली होती. काकांनी पुढचा लावला. मांडणीवरून कढई काढणारी आई, अर्धी चौकटीबाहेर. तुळशीला पाणी घालणारी, तांब्याची धार हवेतच थांबलेली. मिरच्यांवर वाकलेली, चेहऱ्यावर उडालेले केस, मनगटानं नाक पुसत. झाडू हातात घेऊन मधुमालतीखालची फुलं गोळा करणारी, पाठमोरी, मागे उघडं फाटक. आधी रिजेक्ट फोटो, मग पास, मग रिजेक्ट, मग पास, आणि प्रत्येक रिजेक्टमध्ये ती. सगळ्यांत रोजची साडी, काहींत तर जुना गाऊन. काकूनं चिवड्याची वाटी खाली ठेवली आणि तीही बघत राहिली.

बाबांना बहुधा तिची कीव आली. "यात तुहं तोंड कुठं दिसते?" ते म्हणाले. "एकातबी धड नाई."

"तोंड त मी सोबत आनलं," आई म्हणाली. "घर तिथं रायलं."

काकांनी झाडूचा फोटो तसाच पडद्यावर ठेवला होता. आई पुढे सरकून टीव्हीजवळ जमिनीवर बसली, लहान मुलं बसतात तितक्या जवळ, आणि फाटकाच्या कडीपासून पायरीच्या फुटलेल्या कोपऱ्यापर्यंत बोटानं दाखवत काकूला सांगू लागली की हे इथं असं होतं. मला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी चिवडा खात होते.

बाबांनी खिशातून चंदेरी कॅमेरा काढला. चष्मा कपाळावर चढवून ते एक एक फोटो मागे नेऊ लागले. कॅलेंडर. मांडणी. तुळस. मिरच्या. फाटक. सगळे साफ, सगळे सरळ, एकही हललेला नाही. ते पहिल्या फोटोपर्यंत गेले आणि तिथून पुन्हा शेवटपर्यंत आले.

"माह्या कॅमेऱ्यात तू कुठंच नाई," ते म्हणाले.

आईनं मान वळवली नाही. आवाजात राग नव्हता, असलंच तर थोडं हसू होतं.

"तुमी सरक म्हनत होते जी. मी सरकत होती."

मग तिनं काकांना पुढचा फोटो लावायला सांगितलं.